वहीतला दुसरा हात

माझा धाकटा भाऊ पोटासाठी लोकांचे हात धरतो. हे वाक्य मी लग्नाकार्यांत बऱ्याचदा वापरलेलं आहे. लोक हसतात, पुढचा घास घेतात आणि भावाबद्दल आणखी काही विचारायचं विसरून जातात. त्या वाक्याचा उपयोगच तो होता.

खरी गोष्ट अशी की तो कबड्डी खेळतो आणि कबड्डीवरच जगतो. टीव्हीवर रंगीत दिव्यांत ज्यांच्यावर बोली लागते, त्यांच्यातला तो नाही. कंपन्यांचे, बँकांचे, पोलिसांचे संघ ज्या गटात उतरतात त्याला आमच्याकडे ‘व्यावसायिक गट’ म्हणतात. त्या गटात तो एका कंपनीकडून खेळतो. करार अकरा महिन्यांचा. बाराव्या महिन्यात कल्याणच्या घरी बसून फोनकडे बघायचं. असं अकरा वर्षं चाललेलं.

मैदानातली त्याची जागाही तशीच. बचाव करणारे सात जण हात धरून साखळीत उभे असतात. टोकाला उभा असतो तो कोपरा. चढाईवाल्याचा पाय टप्प्यात आला की कोपरा घोट्यावर झडप घालतो, लोक ओरडतात, लाउडस्पीकरवर कोपऱ्याचं नाव येतं. त्या कोपऱ्याचा हात धरून जो उभा असतो, तो माझा भाऊ. कोपरा झेपावला की त्याच्या पाठोपाठ याने चढाईवाल्याची कंबर धरायची, नाहीतर तो कोपऱ्याला फरफटत नेऊन मधली रेषा गाठतो. पकड दोघांची, लाउडस्पीकर एकाचा. आमच्या घरात त्या जागेला ‘शेजारचा’ म्हणायचे. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ठेवलेलं नाव.

गेल्या फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी हा शेजारचा ठाण्याला, वर्तकनगरला माझ्याकडे आला. आईने दिलेला अळूवड्यांचा डबा हातात, गुडघ्याला पट्टा. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे, पण त्या दिवशी बंद होती. तिसऱ्या मजल्यापर्यंत त्याच्या पायांचा आवाज मला ऐकू येत होता. एक पायरी, मग तीच पायरी दुसऱ्या पायाने. छत्तीस वर्षांच्या माणसाचा तो आवाज नव्हता.

चहा झाल्यावर त्याने सांगितलं. कंपनी करारावरच्या खेळाडूंपैकी दोघांना कायम करणार होती आणि बाकीच्यांचे करार तिथेच संपणार होते. प्रशिक्षक नवीन, त्याला जुनं काही ठाऊक नाही, म्हणून प्रत्येकाकडे आजवरच्या कामगिरीची नोंद मागितलेली. कंपनीच्या कागदांत संघाचे गुण होते. कोणी किती पकडी केल्या, हे जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं.

“दादा, तुझ्या वह्या लागतील,” तो म्हणाला.

मी म्हटलं, बघतो, माळ्यावर टाकल्यात बहुतेक. त्या माळ्यावर नव्हत्या. माझ्या कपाटात, खाकी कव्हरं घालून, पाठीवर चिठ्ठ्या चिकटवून, एका ओळीत उभ्या होत्या. मी ग्रंथपाल आहे. माझ्या घरात माळ्यावर काहीही टाकलं जात नाही.

बायको आतून ऐकत होती. तो गेल्यावर तिने विचारलं, की कपाट दोन पावलांवर असताना माळा मध्येच कुठून आला. मी तिला अळूवडी खातेस का म्हणून विचारलं.

हे सगळं नीट कळायचं तर मागे जावं लागेल. बारा वर्षं त्या घरात मी एकटाच मुलगा होतो. कल्याणला रेल्वेच्या दोन खोल्या, अण्णा कारखान्यात फिटर, आणि मी पहिल्या पाचांत येणारा, घरात येईल त्या पाहुण्याला कविता म्हणून दाखवणारा. मग हा आला. बारशाला पेढ्यांचं ताट माझ्याच हातात देऊन मला चाळभर फिरवण्यात आलं. स्वतःच्या बदलीची बातमी स्वतःच वाटत फिरल्यासारखं होतं ते. मी सातवीत होतो, त्यामुळे रडताही येईना.

अण्णा तरुणपणी कारखान्याच्या संघातून खेळलेले. गुडघा गेला आणि सुटलं. मुलाने खेळावं ही त्यांची फार इच्छा, आणि बारा वर्षं मुलगा म्हणजे मी. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मी त्यांच्यासाठी संघात नाव घातलं. एकच सामना खेळलो, त्यात एकच चढाई केली. चष्मा काढून, दम धरून गेलो. मैदानाच्या दोन्ही कडांना लॉबी नावाचा पट्टा असतो. कोणाला शिवण्याआधी तिथे पाय पडला की गडी बाद. माझा पडला. समोरचे सातही जण हात धरून नुसते बघत होते. मला वाटलं, घाबरले. मी आणखी थोडा वेळ दम घालत राहिलो. शेवटी पंचानेच येऊन मला खांद्याला धरून बाहेर नेलं.

अण्णा मला घेऊन घरी आले. जेवताना म्हणाले, “तुझं अक्षर चांगलं आहे. तू वही घे.”

तेव्हापासून मी वही घेतली. सामन्याच्या गुणपत्रकात फक्त गुण असतात. पण स्पर्धा संपली की मंडळं ‘उत्कृष्ट पकड’ म्हणून बक्षीस देतात आणि त्यासाठी कोणाच्या किती पकडी झाल्या याचा हिशेब कोणीतरी ठेवावा लागतो. तो मी ठेवायला लागलो. पानाच्या डोक्यावर सातही जणांच्या जागांची आकृती, खाली पकडी. भिवंडी रस्त्यापासून टिटवाळ्याच्या पलीकडेपर्यंत लोक मला ‘वहीवाले सर’ म्हणून ओळखायला लागले. बोलवायला रिक्षा येऊ लागली. माझं कबड्डीतलं स्थान हे असं. मैदानाला टेकून, पण रेषेच्या बाहेर.

आणि रेषेच्या आत, काही वर्षांनी, धाकटा.

अण्णा त्याच्या प्रत्येक सामन्याला यायचे. बाकीचे लोक चढाईवाल्याकडे बघतात. अण्णा एकट्या धाकट्याच्या हाताकडे बघायचे. रात्री जेवणं झाली की दोघं स्वयंपाकघरात फरशीवर बसायचे, पोळपाटावर हरभऱ्याचे सात दाणे मांडून. मग अण्णा त्याचा हात धरायचे. एकदा दाबलं की थांब, दोनदा दाबलं की जा. शेजारच्याने कोपऱ्याला इशारा असाच द्यायचा असतो, कारण त्या गोंगाटात बोलून ऐकू जात नाही. हे मला कोणी शिकवलं नाही. पाणी प्यायच्या निमित्ताने आत जाऊन जाऊन मी ते पाहिलं. त्या दिवसांत मी बरंच पाणी प्यायलो.

माझी ग्रंथालयशास्त्राची पदवी आली तेव्हा अण्णांनी विचारलं, जेवलास का. नोकरीत मला आदर्श कर्मचारी म्हणून प्रमाणपत्र मिळालं. ते कल्याणच्या घरात भिंतीवर लागलं, हे खरं. आई त्या चौकटीमागे विजेची बिलं खोचायची. धाकट्याचा एक फाटका संघाचा शर्ट मात्र अण्णांनी पेटीत, डांबराच्या गोळ्या घालून ठेवला होता. मी लग्न होऊन ठाण्याला आलो. आई-अण्णा त्याच्याकडे राहिले. भाजीवाली त्याला ओळखून कोथिंबिरीची जुडी वर टाकायची. माझ्या मुलीने पहिला शब्द ‘काका’ काढला. बायको म्हणते तो ‘काऊ’ होता, पण मी शेजारी बसलेलो, मला कळत नाही का.

तर वही. माझा नियम सरळ होता. ज्याचा हात आधी पडला, त्याचं नाव. कोपरा आधी, धाकटा मागून, म्हणून कोपऱ्याचं नाव. इथपर्यंत कोणी बोट ठेवू शकणार नाही. पण खेळ इतका सरळ नसतो. कधी दोघांचे हात एकदमच पडायचे. कधी धाकट्याचा आधी पडायचा, एकट्याने कंबर धरून त्याने चढाईवाला रोखलेला असायचा आणि कोपरा नंतर येऊन लोंबकळायचा. अशा वेळी माझं पेन हवेत थोडं थांबायचं आणि कोपऱ्याचं नाव लिहायचं.

मी स्वतःला सांगायचो, सख्खा भाऊ आहे, त्याचं नाव लिहिलं तर लोक काय म्हणतील. फार सोज्वळ कारण होतं. वर्षानुवर्षं वापरलं तरी कुठे विटलं नाही.

एकदाच कोणीतरी त्याला नख लावलं. खडवलीच्या पुढे नदीकाठच्या एका गावात दुपारच्या सत्राचे सामने होते. माझ्या टेबलामागे गावातला एक म्हातारा उकिडवा बसून खेळाइतकंच माझ्या वहीकडे बघत होता. धाकट्याने एक पकड एकट्याने केली. अगदी एकट्याने. मी नेहमीप्रमाणे कोपऱ्याचं नाव लिहिलं.

“सर, पयला हात तं या उंच पोराचा व्हता,” म्हातारा म्हणाला. “त्याचा नाव का नाय लिवला?”

मी मान वळवून, शक्य तितक्या थोरपणाने सांगितलं, की तो माझा सख्खा भाऊ आहे आणि माझ्या वहीत भावाला झुकतं माप मिळत नाही.

त्याने जरा विचार केला. “मंग परक्याचा असता तं लिवला असता?”

मी वहीत पुढची ओळ आखायला लागलो. त्याने बाजूला बसलेल्या माणसाला सांगितलं की सर लई इमानदार आहेत. तेवढंच मी घरी घेऊन आलो. बायकोलाही तेवढंच सांगितलं.

त्या रविवारी धाकटा गेल्यावर मी कपाट उघडलं आणि अकरा वर्षांच्या वह्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या. एका वहीत त्याचं नाव तीनदा होतं. एकीत एकदा. एकीत नव्हतंच, म्हणजे पानाच्या डोक्यावरच्या आकृतीत होतं, खाली कुठेच नाही. नवीन प्रशिक्षकाने या वह्या चाळल्या असत्या तर त्याला दिसलं असतं, की हा माणूस अकरा वर्षं लोकांचे हात धरून उभा आहे. माझाच विनोद, माझ्याच अक्षरात.

खोटं कशाला बोलू, मला आधी बरं वाटलं. चहाला उकळी यायला लागतो तेवढा वेळ. मला काहीच करायचं नव्हतं. त्याने वह्या मागितल्या होत्या, मी त्या दिल्या असत्या, आणि पुढचं सगळं आपोआप झालं असतं. कंपनीने त्याला घरी बसवलं असतं आणि मी डबा घेऊन त्याच्या समाचाराला गेलो असतो. मोठा भाऊ म्हणून सगळे माझ्याकडे बघत राहिले असते. मग मला जिन्यातला तो आवाज आठवला. छत्तिसाव्या वर्षी, असल्या गुडघ्याने, कबड्डीशिवाय दुसरं काही न केलेला माणूस कुठे जाऊन काय मागणार होता?

मग मी पेन घेतलं. मोकळ्या जागा बऱ्याच होत्या, नाव तीन अक्षरी, कुठेही मावलं असतं. बायको समोर भाजी निवडत होती. ती वर न बघता म्हणाली, “शाई तीच आहे का?” मी पेन खाली ठेवलं. सचोटी वगैरे काही नव्हती. ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत मागाहून खाडाखोड करणाऱ्या एका शिपायाला मी सगळ्या स्टाफसमोर झापलं होतं, त्याचा तो चेहरा मला स्वतःवर बघायचा नव्हता.

तीन दिवस वह्या टेबलावर पडून होत्या. आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो. बुधवारी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती कॅनडात शिकते, बर्फाने गाडल्या गेलेल्या एका छोट्या गावात. तिच्या खोलीतल्या मैत्रिणीचा भाऊ तिथल्या संघातून आइस हॉकी खेळतो, पैसे घेऊन, पण बेताचेच, करार दरवर्षीचा. ती सामना बघून आलेली. सांगत होती, तो गोल करत नाहीच. शिक्षा म्हणून आपला एक माणूस बाहेर बसवला की त्याला आत पाठवतात, आणि तो ती लाकडासारखी टणक चकती अंगावर घेत बसतो. दोन दात गेलेत. त्याची बहीण प्रत्येक वेळी डोळे मिटते.

“पण बाबा, गोल झाला ना की ज्यांनी पास दिला त्या दोघांचीपण नावं बोर्डावर येतात. त्यांनापण गुण. त्याचं नाव आलं तर त्याची बहीण रडायलाच लागली.” मग म्हणाली, “आपल्या काकासारखंच आहे. फक्त इथे लिहितात.”

मी तिला म्हटलं, कानटोपी घालून झोप.

कॉल संपला. मी वह्या पुन्हा पुढे ओढल्या आणि या वेळी पकडींच्या यादीकडे न बघता वरच्या आकृत्या बघायला लागलो. कोणाशेजारी कोण उभं होतं. अकरा वर्षांत धाकट्याने चार कोपऱ्यांचे हात धरले होते. पहिला पुढे पोलिसांत गेला, दुसरा रेल्वेत, तिसरा थेट त्या टीव्हीवरच्या रंगीत दिव्यांत. चौथा आत्ताचा. चौघांनाही ‘उत्कृष्ट पकड’ मिळालेलं, आणि मिळालेलं ते याच्या शेजारी असतानाच. ज्या सामन्यांत याचा गुडघा सुजलेला आणि दुसराच कोणी शेजारी उभा, त्या पानांवर त्याच चौघांच्या नावापुढे जवळजवळ काही नाही. पहिला कोपरा पोलिसांकडून आमच्याविरुद्ध खेळला, त्या पानावर समासात मी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेलं, ‘तीन वेळा फरफटत गेला.’

म्हणजे ज्याचं नाव लिहायचं मी अकरा वर्षं टाळलं, त्याच्या बाजूचा सगळा पुरावा मीच जमा केलेला होता, तोही सुवाच्य अक्षरात. फक्त वाचला नव्हता. ग्रंथपालाला हे शोभत नाही, पण ग्रंथपाल पुस्तकं फार कमी वाचतात.

ते चौघे मला आठवले. अण्णा गेले तेव्हा चौघेही आलेले. दोघे धाकट्याच्या एका बाजूला, दोघे दुसऱ्या. याचे हात तेवढे धरलेले. मी सगळ्यांच्या पुढे होतो, हातात मडकं, थोरला म्हणून. माझ्या दोन्ही बाजूंना कोणी नव्हतं. अण्णांच्या अंत्ययात्रेत मी भावावर जळत होतो, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मी चार पानं तयार केली. कोणत्या सामन्यात कोणाच्या शेजारी, तेव्हा कोपऱ्याच्या पकडी किती, हा नसताना किती. समास आखून, लाल शाईने ठळक करून. आणि शेवटी एक वाक्य लिहिणं भाग होतं, कारण त्याशिवाय त्याचं नाव खाली का नाही हे कोणाला कळलं नसतं. ते वाक्य मी तीनदा लिहिलं. तिसऱ्यांदा बायकोला दाखवलं. ‘ज्या पकडींत दोघांचे हात एकदम पडले किंवा माझ्या भावाचा हात आधी पडला, तिथे मी अनवधानाने त्याचे नाव लिहिलेले नाही.’

तिने वाचून कागद परत दिला. “‘अनवधानाने’ काढा,” ती म्हणाली.

काढलं. खाली सही केली.

शनिवारी ते घेऊन कल्याणला गेलो. धाकटा पलंगावर पाय लांब करून बसलेला, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. आई भाजणी भाजत होती, घरभर वास. मी चार पानं त्याच्या हातात दिली आणि खिडकीतून समोरच्या इमारतीचं रंगकाम बघायला लागलो. रंगारी एकाच ठिकाणी ब्रश फिरवत होता, की मलाच तसं वाटत होतं, कोण जाणे. शेवटचं पान उलटल्याचा आवाज आला. 

“मला माहीत होतं, दादा.”

मी वळलो. तो पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवत होता. “अण्णांनापण माहीत होतं. सामना संपला की पहिलं विचारायचे, दादाने लिहिलं का? मी सांगायचो, नाही. मग म्हणायचे, ठीक, म्हणजे नीट खेळलास. शेजारचा दिसला म्हणजे कुठेतरी चुकला.”

मी विचारलं, मग मला का कोणी बोललं नाही. तो हसला. म्हणाला, एकदा मी रागावलो होतो, तुला विचारायला निघालेलो. अण्णांनी थांबवलं. म्हणाले, त्याची वही काढून घेऊ नकोस. वही गेली तर तो मैदानावर यायचा नाही, आणि मला तुम्ही दोघंही तिथे लागता.

आईने आतून विचारलं, जेवून जाणार आहेस की ठाण्याला जाऊन जेवणार. मी म्हटलं, जेवतो.

या सगळ्यातून मला काय वाटायला हवं होतं ते मला कळतं. वाटलं काय, तर हे दोघं इतकी वर्षं माझ्यामागे माझ्याबद्दल बोलत होते आणि मला बोलावलंसुद्धा नाही.

जेवताना धाकटा म्हणाला, शेवटची ओळ काढ. प्रशिक्षकाने ती वाचली तर तुझ्या वहीवर उद्या कोणी भरवसा ठेवणार नाही. ती नसतानाही आकृत्यांवरून कळतंय ना. त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि त्याने म्हटलं म्हणूनच मला ते पटेना. त्याच्या नोकरीचा प्रश्न, आणि मोठेपणा करणार तोच? मी म्हटलं, ओळ राहील. आयुष्यात एकदा मैदानात पाय टाकला होता तो लॉबीत पडला, या वेळी जरा आत पडू दे. आई म्हणाली, आमटी घ्या.

एप्रिलमध्ये निकाल लागला. एक जागा तेवीस वर्षांच्या चढाईवाल्याला, तो कोणालाही दिसत होता. दुसरी धाकट्याला. पण खेळाडू म्हणून नाही. दिवसा गोदाम विभागात, आणि संध्याकाळी नवीन बचावपटूंना शिकवायचं. खेळणं संपलं. त्याने फोनवर सांगितलं तेव्हा त्याचा आवाज कसा होता, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. म्हणाला, आता बारावा महिना नाही, दादा.

मी विचारलं, प्रशिक्षक माझ्या पानांबद्दल काय म्हणाला. धाकटा जरा अडखळला. प्रशिक्षक म्हणाला होता, मला कागदाची काय गरज, मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. सगळ्यांसमोर म्हणाला. पानं परत दिली का, मी विचारलं. म्हणाला, असतील कुठेतरी.

समास आखलेले होते. लाल शाई होती. जुनी वही पुन्हा कोणाला तपासावी लागू नये म्हणून सही होती. पण शेवटची ओळ मात्र कोणीतरी नीट वाचली असावी, कारण या मोसमात खडवलीकडच्या मंडळाचा मला फोन आला नाही. त्यांनी टॅबलेटवाला माणूस ठेवला म्हणे. ‘वहीवाले सर’ आता फक्त सर. बायकोला मी म्हटलं, बघ, पकडीत दुसरा हात माझा, आणि नाव प्रशिक्षकाचं. ती म्हणाली, मग आता कळलं का. मला हे उत्तर अपेक्षित नव्हतं.

मे महिन्यात एका संध्याकाळी मी कंपनीच्या मैदानावर गेलो. आमंत्रण कोणी दिलं नव्हतं. दोरीबाहेर उभा राहिलो. वही नसल्यामुळे हातांचं काय करायचं ते कळेना, कधी खिशात, कधी पाठीमागे. आत धाकटा गुडघ्याला पट्टा बांधून साखळीत उभा होता आणि टोकाला विशीतला नवीन कोपरा, नखं खाणारा. याने त्याचं तोंडातलं बोट काढून हात धरला. चढाईवाला आला. मी चढाईवाल्याकडे बघितलं नाही. हाताकडे बघितलं. एकदा दाबलं. थांब. एकदा दाबलं. थांब. मग दोनदा, आणि नवीन कोपरा झेपावला, आणि याने हळूच, जणू आपण तिथे नव्हतोच, कंबर धरली.

नंतर तो दोरीपाशी आला. मला आत यायचं होतं आणि दोरी माझ्या कमरेइतकी. त्याने हात पुढे केला. मी धरला आणि पाय टाकला, चप्पल अडकली, मी जवळजवळ त्याच्यावरच कोसळलो. सावरलं त्याने. हात लगेच सोडला नाही. तीनदा दाबला.

एक म्हणजे थांब, दोन म्हणजे जा. तीन काय असतं, मला माहीत नाही. अण्णांनी फरशीवर बसून ते कधी शिकवलं असेल तेव्हा मी बहुतेक पाणी पिऊन परत गेलेलो. धाकट्याला विचारायला मन होत नाही. त्या चार कोपऱ्यांना नक्की माहीत असणार. तो नखं खाणारा पाचवा, ज्याने अजून एकही सामना खेळलेला नाही, त्यालाही एव्हाना कळलं असेल.